खाडीपलीकडची पेठ : सिडको आणि आपली माणसे

17 मार्च 1970 रोजी शहर आणि औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे सिडकोची, कंपनी कायद्याखाली नोंदणी झाली. आरंभी ती सिकॉम या राज्याच्या औद्योगिक गुंतवणूक महामंडळाची उपकंपनी होती. सरकारने दिलेले भागभांडवल 3 कोटी 95 लाख रुपयांचे आणि अंगावर टाकलेले काम वीस लाख वस्तीचे नवे शहर वसवण्याचे. ठाण्याची खाडी ओलांडली की ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतली 95 गावे लागत. एकूण क्षेत्र 343.70 चौरस किलोमीटर. भातखाचरे, मिठागरे, खाजणे आणि पाठीशी पारसिकचा डोंगर. या पट्ट्यात सिडकोने जे उभे केले त्याचा इतिहास आपल्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. रहिमतपूर, कोरेगाव, मसूर, पाटण, तासगाव, खानापूर या सातारा-सांगलीच्या भागांत विचारून पाहावे. कोणाचा चुलता वाशीच्या मार्केटात हमालांच्या टोळीत होता, कोणाची बहीण कोपरखैरण्याला दिली, कोणाचे आले तिथे जाऊन विकले जाते. त्या शहराशी आपले नाते सुट्टीला येणाऱ्या पाहुण्याचे नाही, ते घामाचे आहे.

सिडकोचा इतिहास बहुतेक वेळा आराखडे करणाऱ्यांच्या बाजूने लिहिला गेला. त्यांचे कर्तृत्व मोठे आहे आणि ते इथे सांगायचे आहेच. पण शहराचे व्यापारी केंद्र कागदावर एका ठिकाणी आखले गेले आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच ठिकाणी जिवंत झाले. ते का, हे समजायचे तर ज्यांनी पाठीवर गोणी घेतली त्यांच्या बाजूनेही पाहावे लागते.

या कहाणीची सुरुवात सिडकोच्या आधी एक तप झाली. 1951 साली तीस लाखांच्या आसपास असलेली मुंबई 1971 पर्यंत साठ लाखांच्या घरात गेली. शहर अरुंद, दक्षिणोत्तर लांबलेले. कचेऱ्या सगळ्या दक्षिण टोकाला आणि राहणारे उत्तरेला, त्यामुळे सकाळी सगळी गर्दी एका दिशेला आणि संध्याकाळी उलट. 1958 मध्ये, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, मुंबई सरकारने स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. पुढे पानशेतच्या पुरानंतर पुणे सावरणारे ते हेच बर्वे. त्यांच्या गटाने 1959 मध्ये ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून मुंबई पलीकडच्या मुख्य भूमीशी जोडावी, असे सुचवले. 1965 मध्ये धनंजयराव गाडगीळांची समिती बसली. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या या अर्थतज्ज्ञाने प्रश्न रस्त्यापलीकडे नेला. उद्योगांचे नियोजनपूर्वक विकेंद्रीकरण करा आणि खाडीपलीकडे एकच अजस्र शहर न करता मध्यम आकाराच्या अनेक वस्त्या वसवा, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याच वर्षी मुल्कराज आनंद यांच्या संपादनाखालच्या ‘मार्ग’ या नियतकालिकात तिघांनी एक आराखडा मांडला. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे वास्तुविशारद, शिरीष पटेल अभियंता. सरकारने त्यांना काही सांगितलेले नव्हते. आपल्या शहराचे काय होणार, या काळजीने त्यांनी ते काम अंगावर घेतले होते. बंदराच्या पूर्वेला जुन्या मुंबईच्या तोडीचे नवे केंद्र उभारावे, सरकारी कारभाराचा मोठा भाग तिकडे न्यावा, म्हणजे खाजगी कचेऱ्या मागोमाग जातील आणि एका रेषेत लांबलेले शहर खाडीभोवती गोल होईल, अशी त्यांची मांडणी होती. सरकारने ती गंभीरपणे घेतली, ही त्या काळाची थोरवी. सिडको स्थापन झाली तेव्हा कोरिया मुख्य वास्तुविशारद झाले, पटेल नियोजन आणि बांधकामाचे प्रमुख झाले. जे. बी. डिसूझा हे पहिले व्यवस्थापकीय संचालक. मार्च 1971 मध्ये सिडकोला नवनगर विकास प्राधिकरणाचा दर्जा मिळाला, 1973 मध्ये विकास आराखड्याचा मसुदा तयार झाला आणि त्याला अंतिम मंजुरी मिळायला ऑगस्ट 1979 उजाडले.

मसुद्याचा गाभा असा. शहर एका मध्यबिंदूभोवती वाढवायचे नाही. ते चौदा नोडांचे, म्हणजे स्वयंपूर्ण उपनगरांचे, असेल आणि रेल्वेच्या धाग्यात ओवलेले असेल. प्रत्येक नोडमध्ये सेक्टर, सेक्टरात शाळा, दवाखाना, मैदान, रोजच्या वस्तूंची दुकाने. स्टेशनजवळ मोठा बाजार. माणसाने कामासाठी दोन तास प्रवास करू नये, घर आणि रोजगार हाकेच्या अंतरावर असावेत. या सगळ्या नोडांच्या मधोमध, बेलापूरला, मध्यवर्ती व्यापारी जिल्हा. आपण ज्याला आज सीबीडी म्हणतो तो. तिथे सरकारी कार्यालये, बँका, कंपन्या आणि त्यांच्याच शेजारी राहती घरे.

राहणे आणि व्यवसाय एका ठिकाणी ही कल्पना नगररचनेच्या पुस्तकातून आली तरी आपल्याला ती परकी नाही. रहिमतपूरला नगरपालिका 1853 साली झाली; सातारचे राज्य खालसा झाल्यानंतरच्या पाच वर्षांत. जुन्या जिल्हा गॅझेटियरात या गावाची नोंद व्यापाराचे ठिकाण म्हणून आहे. रणदुल्लाखानाच्या दर्ग्याजवळच्या मशिदीला पाणी पोहोचवण्यासाठी बांधलेला सुमारे 50 फूट उंच हत्तीमोटेचा बुरूज तिथे उभा आहे. पेठ वसवायची तर आधी पाणी चढवावे लागते, हे बांधणाऱ्याला ठाऊक होते. आपल्याकडच्या पेठेत ओट्यावर दुकान, मागे वखार, माडीवर बिऱ्हाड. दुकान बंद झाले तरी पेठ बंद होत नाही, कारण वर माणसे राहतात. बेलापूरला पुढे जे झाले ते समजून घ्यायला हीच पेठ डोळ्यांपुढे ठेवावी.

पहिला धक्का बाहेरून बसला. 1973 मध्ये खाडीपूल खुला झाला, वाशीत सिडकोची पहिली घरे झाली. पण याच वर्षांत नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर उंच कचेऱ्या उठत होत्या. ज्या दक्षिण टोकावरचा भार हलका करायचा म्हणून सिडको स्थापन झाली, त्याच टोकावर सरकारने नवा भार चढवला. मंत्रालय हलले नाही. मंत्रालय हलत नाही म्हटल्यावर कंपन्याही हलल्या नाहीत. त्यातच 1977 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले गेले, म्हणजे बेलापूरला मुंबईच्या पोटातच एक प्रतिस्पर्धी मिळाला. कोरिया आणि पटेल यांनी ही नाराजी पुढे आयुष्यभर उघडपणे बोलून दाखवली, आणि ती रास्त होती. आराखडा चुकला म्हणून बेलापूर रेंगाळले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याने आराखडा मागवला त्यानेच पहिले पाऊल टाकले नाही. कोकण भवन झाले, सिडको भवन झाले, रिझर्व्ह बँकेची इमारत झाली. पण राज्याचा कारभार खाडी ओलांडून आला नाही.

दुसरी बाजू जमिनीची. सिडकोचे खरे भांडवल ते पावणेचार-चार कोटी नव्हते, जमीन होती. शेतकऱ्याकडून सक्तीने संपादन करायची, रस्ते-पाणी-गटारे करून भूखंड विकायचे, त्या पैशातून पुढची जमीन विकसित करायची, असे हे चक्र. हिशेब चोख होता, पण ज्या आगरी, कोळी, कराडी कुटुंबांची भातशेती आणि मिठागरे गेली, त्यांच्या वाट्याला त्या चक्रातले काही येत नव्हते. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली हा असंतोष संघटित झाला. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासई आणि दास्तान फाटा इथे पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री आपले वसंतदादा होते. सातारा-सांगलीच्या स्मरणिकेत हे लिहिलेच पाहिजे. आपल्या माणसांना त्या शहरात घर मिळाले, ते ज्या जमिनीवर उभे आहे ती कोणाच्या तरी ताटातली होती.

त्या पाच जणांच्या बलिदानातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. 1990 आणि 1994च्या शासन निर्णयांनी ती आजच्या रूपात रुळली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. सामाजिक सुविधांसाठी 30 टक्के वजावट गेली की हातात 8.75 टक्के उरतात, त्यावर दीड चटई क्षेत्र निर्देशांक आणि 15 टक्क्यांपर्यंत वाणिज्य वापर. या शेवटच्या अटीकडे नीट पाहण्यासारखे आहे. ऐरोलीपासून खारघरपर्यंत ज्या हजारो इमारतींच्या तळमजल्यावर पिठाची गिरणी, औषधांचे दुकान, शिंपी, पोळीभाजी केंद्र दिसते, त्यांतली कितीतरी दुकाने याच 15 टक्क्यांतून आली. नगररचनाकारांना जे मिश्र वापराचे शहर हवे होते, त्याचा मोठा हिस्सा प्रकल्पग्रस्तांच्या लढ्याने दिला.

आता आपल्या माणसांकडे वळतो.

मुंबईचा घाऊक व्यापार तेव्हा मस्जिद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट या भागात होता. ट्रक आत शिरले की बाहेर निघायला दिवस जाई. या बाजारांतली ओझी वाहणारे बहुसंख्य लोक सातारा-सांगली-पुण्याच्या डोंगराळ आणि दुष्काळी भागातले. गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे, मनिऑर्डर गावी पाठवायची. ना हजेरी, ना रजा, ना फंड. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील स्वतः या कामातून वर आले आणि त्यांनी या विखुरलेल्या माणसांची संघटना बांधली. 1969 साली माथाडी, हमाल आणि इतर अंगमेहनती कामगारांचा कायदा झाला. मालक रोज बदलणाऱ्या कामगारालाही मंडळामार्फत पगार, लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, वैद्यकीय मदत मिळू शकते, हे या कायद्याने प्रत्यक्षात आणले. देशात असा हा पहिलाच मोठा प्रयत्न, आणि त्याच्या मुळाशी आपल्या जिल्ह्यातला एक माणूस होता, याचा अभिमान आपण मोकळेपणाने बाळगावा.

घाऊक बाजार खाडीपलीकडे हलवायचे हे सिडकोच्या आराखड्यातले एक कलम होते. 1977 मध्ये मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती स्थापन झाली. सिडकोने वाशी-तुर्भे इथे जागा दिली. व्यापारी सुखासुखी निघाले नाहीत. गिऱ्हाईक तुटेल, उधारी बुडेल, एवढ्या लांब किरकोळ दुकानदार येणार नाही, अशा त्यांच्या शंका होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या. तरी 1981 मध्ये कांदा-बटाटा बाजार सुरू झाला. 1990च्या सुमारास मसाला आणि धान्य बाजार आले, 1996 मध्ये फळे आणि भाजीपाला. लोखंड-पोलादाचा बाजार कळंबोलीला गेला. मंत्रालय आले नाही, पण बाजार आला. आणि बाजार आला म्हटल्यावर माथाडी आला, मापाडी आला, वाहतूकदार, वखारवाला, बँक, खानावळ, टायरवाला, सगळे आले.

पहाटे या बाजारात उभे राहून पाहावे. रात्रीच्या गाड्या धक्क्याला लागलेल्या असतात. फाळका पडतो, टोळीचा मुकादम आवाज देतो, माणसे ओळीने पाठ लावतात. हातातला आकडा गोणीच्या कानात अडकवून ती एका झटक्यात पाठीवर येते आणि माणूस अर्धवट धावतच गाळ्यात शिरतो. पुढे तोलाई, पुढे भाव, पुढे हमाली वजा होऊन शेतकऱ्याच्या नावाची पट्टी. आपल्याकडे आल्याचा भाव गाडीवर बोलतात, 500 किलोची एक गाडी. कोरेगाव-रहिमतपूर पट्ट्यातल्या शेतकऱ्याला वर्षभर सोसलेल्या पाण्याचे, लेंडीखताचे आणि भांगलणीचे काय मिळाले ते त्या चिठोऱ्यावरून कळते. मसाला आणि धान्य बाजारात खाली माल, वर व्यापाऱ्याची कचेरी आणि मध्यवर्ती इमारतीत बँका, असा थाट आहे. ज्याला व्यापारी जिल्हा म्हणावा असे सिडकोच्या शहरात पहिले ठिकाण हे झाले. इथे पहाटे तीनला दिवस सुरू होतो.

माथाडींच्या घरांचा प्रश्नही सिडकोनेच हाती घेतला. कोपरखैरणे आणि घणसोलीत त्यांना छोटी घरे मिळाली. जागा इतकी लहान की दारात उभे राहून मागची भिंत दिसावी. पण गावकीच्या खोलीत पाळीने झोपणाऱ्याला स्वतःचे दार मिळाले आणि तो गावाहून बायकापोरांना घेऊन आला. हा बदल मला कोकण भवनाइतकाच मोठा वाटतो. पुढच्या वीस वर्षांत त्या बैठ्या घरांवर मजले चढले. खाली किराणा, भांड्याचे दुकान, मसाला कुटायचे डंख, वर मुलाचा संसार, त्याच्यावर भाड्याची खोली. नियमांच्या चौकटीत हे सगळे बसत नाही, अरुंद गल्ल्यांत हवा-उजेडाचा आणि आगीचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर वेळीच उपाय व्हायला हवा. तरीही ही वस्ती रात्री दहालाही जागी असते. जोतिबाच्या यात्रेला इथून गाड्या भरून निघतात. वाशीत रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय उभे राहिले, बेलापुरात पतंगराव कदमांच्या भारती विद्यापीठाचे संकुल झाले. गोणी वाहणाऱ्याच्या मुलाला पदवीसाठी पुन्हा खाडी ओलांडावी लागली नाही.

बेलापूरला मात्र वाट पाहावी लागली. रेल्वेची. आराखड्यात रेल्वे पहिल्यापासून होती, पण गाडी येत नव्हती. अखेर खर्चाचा दोन-तृतीयांश वाटा सिडकोने उचलायचा आणि उरलेला रेल्वेने, असे ठरले. देशात शहर वसवणाऱ्या संस्थेने उपनगरी रेल्वेचा एवढा भार घेतल्याचे उदाहरण त्याआधी नव्हते. मे 1992 मध्ये मानखुर्द-वाशी लोकल सुरू झाली, पुढच्या वर्षी ती बेलापूरला पोहोचली, 1998 मध्ये पनवेलला. सिडकोने स्टेशनेही वेगळी बांधली. रुळांच्या वर आणि बाजूला कचेऱ्या, दुकाने. वाशी स्टेशनची इमारत तर माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांसाठीच योजली. गाडीतून उतरले की कामाच्या जागी, मधे रस्ता ओलांडणेही नको. सीवूड्स-दारावे स्टेशनावर हीच कल्पना पुढे मोठ्या प्रमाणात आली.

रेल्वे आल्यावर सीबीडीने डोके वर काढले. सेक्टर 11 आणि 15 मधले भूखंड भरले, हॉटेले झाली. 17 डिसेंबर 1991 रोजी स्थापन झालेल्या नवी मुंबई महापालिकेचे मुख्यालयही पुढे बेलापुरात आले. पण एक उणीव तिथे बराच काळ राहिली. कचेऱ्या एका बाजूला, घरे दुसऱ्या बाजूला, मधे रुंद रस्ता. पाच-सहा वाजता कचेऱ्यांचा भाग ओस पडायचा. माडीवर बिऱ्हाड नसलेली पेठ दिवे लागणीलाच झोपते. याच बेलापुरात, सेक्टर 8 मध्ये, कोरियांनी 1980च्या दशकात कलाग्राम (आर्टिस्ट्स व्हिलेज) वसवले होते. सात-आठ घरांचे अंगण, घर मालकाच्या ऐपतीप्रमाणे वाढवता येईल असे, कोणत्याही दोन घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या नव्हत्या. मोठ्या रस्त्यांच्या नकाशात जे हरवले होते ते या लहानशा वस्तीत त्यांनी दाखवून दिले. कचेऱ्यांच्या भागात तशी दृष्टी वापरली असती तर सीबीडी दहा वर्षे आधी गजबजले असते, असे माझे मत आहे.

सिडकोने औरंगाबाद, नाशिक, नांदेड इथेही नवी नगरे उभारली. त्यांचा इतिहास त्या त्या गावच्या लोकांनी लिहावा. नवी मुंबईत 2011च्या जनगणनेत महापालिका हद्दीतच 11 लाखांवर वस्ती मोजली गेली. 2016 मध्ये पनवेलची वेगळी महापालिका झाली. 2023च्या नोव्हेंबरात बेलापूर-पेंधर मेट्रो धावली, जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर 2025 मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळासाठी ज्या गावांना उठावे लागले त्यांना साडेबावीस टक्के विकसित जमीन देण्याचे ठरले. 2013 पासून विमानतळाभोवतीचा ‘नैना’ हा नवा पट्टाही सिडकोकडे आहे. तिथे सक्तीच्या संपादनाऐवजी नगररचना योजना राबवल्या जात आहेत आणि शेतकऱ्याला त्याच्या जमिनीच्या 40 टक्के भूखंड परत मिळतो. साडेबारापासून चाळिसापर्यंतचा हा प्रवास दि. बां.च्या लढ्याशिवाय झाला नसता.

नैनाच्या नकाशांत पुन्हा व्यापारी केंद्रे आखली जात आहेत, आणि वाशीचा बाजार नव्याने बांधण्याची चर्चाही अधूनमधून उठते. त्या नकाशांवर ट्रक कुठे उभा राहील, टोळी कुठे बसेल, पहाटे तीनला कामाला येणारा कुठे राहील आणि त्याची मुले कोणत्या शाळेत जातील, हे टॉवरांची जागा ठरवण्याआधी लिहिले जावे. हे मागण्याचा हक्क आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या लोकांनी चार दशकांच्या कामाने मिळवला आहे. त्यासाठी सिडको आणि बाजार समितीपुढे माथाडींच्या, शेतकऱ्यांच्या आणि 95 गावांतल्या प्रकल्पग्रस्तांच्या प्रतिनिधींनी एकत्र जावे, अशी या लेखाच्या निमित्ताने आग्रहाची विनंती आहे.